सहाव्या ग्रीनवरचे व्याही

लिफ्टमास्तरांचं उभं आयुष्य अक्षरशः उभंच गेलं. वर आणि खाली. शहरातल्या कचेऱ्या, इस्पितळं, कोर्ट, दोन सिनेमागृहं आणि एक कधीच नीट न चाललेलं हॉटेल, या सगळ्यांच्या पोटातून ते वर-खाली फिरले. लोक लिफ्टच्या आत उभे राहतात. मास्तर लिफ्टच्या टपावर उभे राहायचे, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली घेऊन. त्या अंधाऱ्या विहिरीत बोलायला कुणी नसतं, आणि असलंच तर ते दोन मजले वर असतं. म्हणजे ओरडावं लागतं. मास्तरांना ओरडणं कधी जमलं नाही. म्हणून ते न बोलायला शिकले, आणि ती सवय कामाच्या कपड्यांसारखी घरी घेऊन आले.

घरी त्याचं कुणाला वावगं वाटलं नाही. बायको इस्पितळाच्या टेलिफोनवर नोकरीला होती. दिवसभर कानाला आवाज चिकटवून आल्यावर घरात एक मुका माणूस असणं ही तिला सोयच वाटे. ती म्हणायची, "आमच्याकडे भांडण होत नाही. भांडायला दोन माणसं लागतात, आणि हे एकाच्याही हिशेबात धरता येत नाहीत." मुलगी मात्र बापाच्या वळणावर गेली. दोघं बापलेक तास तास एका खोलीत बसत आणि नंतर दोघांनाही वाटे की छान गप्पा झाल्या.

गोल्फकडे मास्तर वळले तेही कामामुळेच.

नदीच्या पलीकडे, दगडी पूल ओलांडला की पालिकेचं गोल्फचं मैदान लागायचं. शंभराहून जास्त वर्षांचं जुनं. एका निपुत्रिक गिरणीमालकानं ती जमीन गावाला देताना दोन अटी घातल्या होत्या: पायात बूट असलेल्या कुणालाही इथे खेळू द्यावं, आणि कुणालाही एकटं खेळू देऊ नये. पहिली अट त्याच्या उदारपणाची खूण मानली जाई. दुसरीचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. जुनी माणसं म्हणत, तो स्वतः एकटा खेळताना फटके कमी मोजायचा आणि शेवटी ते त्याच्या मनाला लागलं.

मैदान कसलं, गावानंच वेढलेलं माळरान होतं ते. पहिल्या होलच्या, म्हणजे खेळाच्या पहिल्या टप्प्याच्या, मधोमध पायवाट होती. पिशव्या घेतलेली माणसं ती ओलांडेपर्यंत थांबावं लागे. तिथेच बसथांबा होता, आणि बस उशिरा आली की थांब्यावरचे लोक खेळणाऱ्यांना सल्ले देत. चौथ्या होलच्या कडेला घरांच्या मागच्या बाजू होत्या. तिथे वाळत घातलेल्या चादरीत चेंडू गेला तर तो मागून घ्यायचा, चादरीबद्दल दोन शब्द ऐकायचे, आणि पुढे जायचं. सहावा होल सगळ्यात प्रसिद्ध. तिथे जिथून चेंडू मारायचा तिथून ग्रीन, म्हणजे भोक असलेली ती कातरलेल्या गवताची जागा, दिसतच नसे. मध्ये टेकाड होतं. म्हणून ग्रीनच्या बाजूला लोखंडी चौकटीत एक घंटा टांगली होती. आपलं खेळून झालं, सगळे बाजूला झाले, की घंटा वाजवायची. टेकाडाच्या अलीकडच्यांनी ती ऐकायची आणि मगच चेंडू मारायचा. लोक लांबून यायचे, त्या घंटेसोबत फोटो काढायचे आणि परत जायचे. काही जण तर खेळायचेही नाहीत.

या मैदानाच्या जुन्या इमारतीत स्वयंपाकघरातून वरच्या मजल्यावर ताटं न्यायची एक लहानशी लिफ्ट होती. ती एकदा सूपसकट मधेच अडकली. मास्तरांनी ती सोडवली. मॅनेजर खूश होऊन म्हणाला, "एक फटका मारून बघा, मजा येईल." मास्तरांनी हातातली तेलाची बुधली खाली ठेवली आणि फटका मारला. चेंडू सरळ वर गेला, बराच वेळ वरच राहिला, आणि जिथून गेला होता त्याच्या जवळपास परत आला. मॅनेजर हसला. मास्तर हसले नाहीत. एखादी गोष्ट वर जाते आणि नीट खाली येते, यात हसण्यासारखं काय ते त्यांना कळलं नाही.

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी ते खेळायला जाऊ लागले. निवृत्त झाल्यावर तर मंगळवार चुकलाच नाही. खेळ सुधारला म्हणावं तर तसंही नाही. अठरा होल, आणि प्रत्येक होलमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा, एवढाच हा खेळ. मास्तरांना कमीत कमीची घाई नव्हती.

आता विहीणबाईंबद्दल सांगितलं पाहिजे.

मास्तरांच्या मुलीचं लग्न दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाशी झालं होतं. दोन्ही घरांचं गूळपीठ असं जमलं, की लोक म्हणत, लग्न कुणाचं झालंय तेच कळत नाही. विहीणबाईंच्या घरी सगळे एकदम बोलत. मास्तरांच्या घरी कुणीच बोलत नसे. त्यामुळे कुणाची अडचण होत नव्हती. मग काही वर्षांनी मुलांचं फाटलं. फाटलं तेही इतकं शांतपणे, की दोन्हीकडच्या आईबापांना ते शेवटीच कळलं. एक नात होती, तिचं सगळं दोघांनी समंजसपणे ठरवलं. आठवड्याचे दिवस वाटून घेतले, शाळेच्या सभांना दोघं मिळून जात. जावई माजी झाला तरी मास्तरांच्या घरचा टीव्ही बिघडला की तोच यायचा, कारण तो त्यालाच कळायचा.

भांडले ते व्याही.

सामानसुमान आवरायला सगळे जमले होते, त्या दुपारची गोष्ट. विहीणबाई कपाटातल्या चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "तुमच्या घरात माणसं बोलतच नाहीत. माझ्या पोराला भिंतीशी संसार करावा लागला."

आणि मास्तर, ज्यांनी आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, ते म्हणाले, "तुमच्या घरात सगळे एकदम बोलतात. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून आमची मुलगी नेली."

खोलीत शांतता पसरली. मास्तरांना ती ओळखीची होती, विहीणबाईंना नव्हती. त्यांनी हातातली चादर अर्धवट घडी घातलेलीच ठेवली आणि निघून गेल्या. त्यानंतर सहा वर्षं एक शब्द नाही. नातीला आणायला-पोहोचवायला कोण कधी जाणार हे अशा बेतानं ठरे, की दोघांची गाठ पडू नये. मास्तरांच्या बायकोनं मात्र या भांडणात भाग घ्यायला साफ नकार दिला. "भांडण तुमचं आहे," ती म्हणाली, "मला माझी कामं आहेत." ती विहीणबाईंशी फोनवर बोलायची. मास्तर शेजारच्या खोलीत बसून ऐकू येत नसल्याचं दाखवायचे.

मास्तरांना त्या उत्तराचा पश्चात्ताप झाला होता का? झाला होता. पण थोडा अभिमानही वाटत होता. आयुष्यात एवढं एकच चपखल वाक्य त्यांना वेळेवर सुचलं होतं. ते वाया गेलं असं म्हणायला जीव धजत नव्हता.

अडचण आणखी एक होती. घटस्फोट झाला की नवरा माजी नवरा होतो, सून माजी सून होते. पण व्याह्यांचं काय करायचं हे भाषेनं ठरवलेलं नाही. नात तर दोघांची अजून होतीच. मग समोरच्या बाईला म्हणायचं काय? मास्तर मनातल्या मनात 'विहीणबाई'च म्हणत, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

अशाच एका मंगळवारी ते खेळायला गेले तेव्हा वारा होता. नावं घेणाऱ्या खिडकीत नेहमीच्या बाई बसल्या होत्या. एकटे आलेले खेळाडू एकमेकांना जोडून द्यायचे, हे त्यांचं काम, आणि ते त्या बाजारात कांदे-बटाटे एका पिशवीत घालावेत तशा करत.

"मास्तर, तुमच्याबरोबर एक पाहुणे आणि एक बाई. चौथा नाही."

मास्तरांनी मान वळवली. पाहुणे होते: नवी कोरी टोपी, नवे बूट, गळ्यात कॅमेरा. आणि त्यांच्या शेजारी, पाठीवर पिशवी घेऊन, विहीणबाई. दवाखाना त्यांनी आता आठवड्यात मोजक्या दिवसांवर आणला होता. जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून पाठ कामातून गेली, म्हणून व्यायामाच्या बाईंनी त्यांना चालायला सांगितलं होतं. नुसतं चालणं त्यांना रिकामटेकडेपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी गोल्फ धरला. त्या गुरुवारी खेळत. त्या आठवड्यात गुरुवारी दवाखान्यात कुणाची तरी अक्कलदाढ काढायची ठरली होती, म्हणून त्या मंगळवारी आल्या. हे सगळं मास्तरांना नंतर कळलं.

"मी पुढच्या वेळेला जातो," मास्तर खिडकीत म्हणाले.

"पुढची वेळ भरली."

"मग एकटा जातो."

"एकटं नाही. अट आहे. माहीत आहे तुम्हाला."

विहीणबाई दुसऱ्या बाजूनं खिडकीशी आल्या. "मला दुसऱ्या कुणाबरोबर घाला."

"दुसरं कुणी नाही. तुम्हाला पण तीच अट." खिडकीवाल्या बाईंनी दोघांपुढे एकेक कार्ड सरकवलं. "मागे रांग आहे हं."

पाहुणे आनंदानं पुढे झाले. "तुम्ही ओळखता वाटतं एकमेकांना?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

पाहुणे भूलतज्ज्ञ होते. जन्मभर त्यांचं संभाषण माणसं झोपेपर्यंतच चालायचं, त्यामुळे जागं राहणारं माणूस मिळालं की त्यांना उधाण येई. या मैदानाविषयी त्यांनी बरंच वाचलं होतं. ते गिरणीमालकाबद्दल बोलले, पायवाटेबद्दल बोलले, बसथांब्याचा फोटो काढला, गटाराच्या झाकणाचाही काढला. "शंभर वर्षांपूर्वी लोक इथूनच मारायचे," ते म्हणाले, "याच जागेवरून!" आणि त्यांनी पहिला चेंडू बसथांब्यात मारला. थांब्यावरच्या एका बाईंनी तो उचलून परत फेकला. त्यांच्या फेकण्यानं तो जास्त लांब गेला.

या खेळाचा एक नियम असा की आपले फटके आपण लिहायचे नाहीत, सोबत्यानं लिहायचे. पाहुण्यांनी आपलं कार्ड स्वतःच ठेवलं, त्यांना ते घरी चौकटीत लावायचं होतं. म्हणजे मास्तरांचं कार्ड विहीणबाईंकडे आणि विहीणबाईंचं मास्तरांकडे आलं. प्रत्येक होलनंतर एकमेकांना आकडा सांगणं भाग होतं.

"त्यांना सांगा, माझे पाच," विहीणबाई पाहुण्यांना म्हणाल्या.

"त्यांचे पाच," पाहुण्यांनी मास्तरांना सांगितलं.

"माझे आठ म्हणावं."

"यांचे आठ."

"नऊ," विहीणबाई म्हणाल्या. "झाडाखाली एक चुकवला. त्यांना आठवण करून द्या."

मास्तरांनी आठवून पाहिलं. नऊच होते.

दुसऱ्या होलनंतर पाहुणे मास्तरांच्या बरोबरीनं चालू लागले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"चाळीस होतील."

पाहुण्यांनी पुढे चाललेल्या विहीणबाईंच्या पाठीकडे पाहिलं आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्याकडेही असंच आहे," ते म्हणाले. मास्तरांना त्याचा अर्थ लागला नाही, पण माणूस भला वाटला.

विहीणबाईंचा खेळ त्यांच्या बोलण्यासारखा नव्हता. चेंडू फार लांब जायचा नाही, पण सरळ जायचा. मारण्याआधी त्या चेंडूकडे किडक्या दाढेकडे पाहावं तशा पाहत. चौथ्या होलवर त्यांचा चेंडू चादरींच्या बाजूच्या झुडपात गेला. त्या आत शिरल्या, बऱ्याच वेळानं चेंडू बाहेर आला आणि मागून त्या आल्या, केसात पानं घेऊन.

"सात म्हणावं," त्या म्हणाल्या. "आत दोन वाया गेले."

आतले दोन कुणीच पाहिले नव्हते. पाच सांगितले असते तरी चाललं असतं. मास्तरांनी सात लिहिलं आणि ते जरा अस्वस्थ झाले. माणसावर सहा वर्षं राग धरायचा तर ते माणूस थोडं लबाड निघालं तर बरं पडतं.

मग सहावा होल आला. आधीच्या लोकांनी घंटा वाजवली, यांनी टेकाडावरून चेंडू मारले, पलीकडे उतरून ग्रीनवर पोचले. पाहुण्यांना घंटा दिसली आणि त्यांचा खेळातला रस संपला. चेंडू कसाबसा भोकात ढकलून ते घंटेकडे धावले. "माझा एक फोटो काढाल?" त्यांनी विहीणबाईंना विचारलं. "वाजवताना!"

विहीणबाईंचंही खेळून झालं होतं. त्या कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या. मास्तरांचं शेवटचं झालं. त्यांनी झेंडा परत भोकात रोवला. त्यांचा चेंडू नेहमीप्रमाणे आभाळातून ग्रीनवर पडल्यामुळे तिथे खळगा झाला होता. तो बुजवायला ते वाकले. मास्तरांना खळगा अर्धा बुजवून जाणं माहीत नव्हतं. ते गवताची एकेक कड आत दाबत राहिले.

"थांबा हं, आधी सगळे बाजूला..." विहीणबाई म्हणेपर्यंत पाहुण्यांनी दोरी ओढली. घंटा वाजली. पाहुणे फोटोसाठी हसत राहिले आणि त्यांनी आणखी एकदा ओढली.

वारा होता, मास्तर वाकलेले होते, आणि कामात असले की त्यांना घंटा, भोंगा, हाक यातलं काहीच ऐकू येत नसे. लिफ्टच्या विहिरीतली सवय. टेकाडापलीकडून फटक्याचा आवाज आला. विहीणबाईंनी वर पाहिलं. चेंडू दिसत होता. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. चेंडू खाली आला, ग्रीनच्या कडेच्या टणक चढावर आपटला, उसळला, आणि नेमके त्याच क्षणी मास्तर, काम मनासारखं झालं म्हणून, सरळ उभे राहिले.

चेंडू त्यांच्या तोंडावर बसला.

मास्तर ओरडले नाहीत. ते ग्रीनवर खाली बसले, तोंडावर हात धरून, कुणीतरी खुर्ची दिल्यासारखे. बोटांमधून रक्त आलं. विहीणबाई कॅमेरा पाहुण्यांच्या अंगावर टाकून धावल्या. गुडघे टेकून समोर बसल्या, त्यांचा हात बाजूला केला आणि सहा वर्षांनंतर पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या.

"आ करा."

मास्तरांनी आ केला.

"समोरचा, वरचा. मुळासकट गेला," त्या म्हणाल्या. "कुठे पडला? हलू नका कुणी. आणि तुम्ही," या पाहुण्यांना, "तिथून या बाजूला बघत या. पाय बघून टाका. दात पायाखाली आला तर मी तुमचे काढीन."

गोल्फमध्ये हरवलेला चेंडू किती वेळ शोधावा याला नियम आहे. दाताला नाही. पाहुणे रांगत निघाले. त्यांना एक जुना चेंडू सापडला, मग आणखी एक, मग कुणाचं तरी बटण. प्रत्येक वेळी ते "मिळाला!" म्हणत आणि प्रत्येक वेळी मास्तर आशेनं मान वळवत. दात शेवटी विहीणबाईंनाच दिसला. त्यांनी तो वरच्या टोकाला चिमटीत धरून उचलला, मुळाला बोट लागू दिलं नाही. पाण्याच्या बाटलीतली बारीक धार त्यावरून सोडली, आणि मास्तरांना काही कळायच्या आत तो होता तिथे परत बसवला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखणारच," विहीणबाई म्हणाल्या. "रुमाल दाताखाली धरा. चावून धरा. आता बोलायचं नाही." मग त्यांनी पुढे जोडलं, "तुम्हाला ते जड जाणार नाही."

एवढ्यात टेकाडावरून मागच्या गटात खेळणारा गावातला बेकरीवाला धापा टाकत खाली आला. चेंडू त्याचा होता. तो रडकुंडीला आला होता. "घंटा वाजली हो! दोनदा वाजली! मी थांबलो होतो! देवाशप्पथ!" त्यानं मास्तरांचे हात धरले, माफी मागितली, पाणी दिलं, परत माफी मागितली. मग जरा वेळ घुटमळला. मग विचारलं, "चेंडू कुठे गेला म्हणे?"

चेंडू मास्तरांच्या दातावरून उडून झेंड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला होता. माणसाला लागून चेंडू वळला तर तो जिथे थांबेल तिथून खेळायचा, असा नियमच आहे. बेकरीवाल्यानं सगळ्यांकडे बघितलं. मग त्यानं तो हळूच आत ढकलला. त्या होलवर त्याचा तो जन्मातला सर्वात चांगला आकडा होता. पुढे कित्येक वर्षं तो हा किस्सा सांगताना दातावर येऊन अडखळायचा.

दवाखान्यात पाहुणेही आले. आपल्या हातून झालं म्हणून त्यांना मागे राहवेना. खुर्ची मागे झुकली, दिवा तोंडावर आला. मदतनीस मुलगी नाव-गाव विचारू लागली, मास्तरांना बोलता येईना, तेव्हा तिनं विहीणबाईंना विचारलं, "कोण आहेत हे, मॅडम?"

विहीणबाई हात धूत होत्या. नळ चालूच होता.

"माझे व्याही," त्या म्हणाल्या.

खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग विहीणबाईंकडे. "म्हणजे तुम्ही नवरा-बायको नाही?"

"नाही."

"मग तुमच्या मुलांचं..."

"घटस्फोट झाला."

"आणि तुम्ही?"

"आम्ही राहिलो," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी हिरडीत सुई दिली.

दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधायचा होता. त्याला वेळ लागतो. तोंडात बोटं, नळी, आरसा. अशा वेळी विहीणबाईंना बोलायची सवय होती. समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही, म्हणून बहुतेक त्या हवापाण्यावर बोलत. त्या दिवशी तसं बोलल्या नाहीत.

"मला चेंडू दिसला होता," त्या तार वळवत म्हणाल्या. "वर होता तेव्हाच दिसला. ओरडायला तोंड उघडलं. आणि हाक काय मारावी तेच सुचेना. व्याही म्हणू? कुठल्या तोंडानं म्हणू? नुसतं 'अहो' म्हटलं तर पाहुण्यांना आधीच काहीतरी भलतंच वाटत होतं. एवढ्यात लागला तुम्हाला. जीभ वाकडी करू नका."

मास्तरांनी जीभ सरळ केली.

"आणि ते तुमचं त्या दिवशीचं," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे ऐकायला कुणी नाही म्हणालात ते. मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, केवढं लागेल असं बोलले म्हणून. चार जणं होती जेवायला. चारही एकदम बोलायला लागली. माझं कुणी ऐकलंच नाही." त्यांनी तारेचं टोक कापलं. "तेव्हापासून त्याला उत्तर शोधतेय. मिळालं नाही. चूळ भरा."

मास्तरांनी चूळ भरली. त्यांना खूप काही म्हणावंसं वाटलं. ओठ बधिर होता. "अं," ते म्हणाले.

"हो," विहीणबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या बायकोनं त्यांचा सुजलेला ओठ पाहिला, सगळी हकिगत फोनवर विहीणबाईंकडून ऐकून घेतली, आणि जेवण मऊ केलं. ती एवढंच म्हणाली, "एवढ्यासाठी दात द्यावा लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं परत मैदानावर होते. पाहुण्यांचे बारा होल राहिले होते आणि दुपारी त्यांना परत जायचं होतं. खिडकीवाल्या बाईंनी विचार केला आणि सातव्यापासून सुरू करायला परवानगी दिली. मास्तरांना बोलायची मनाई होती, पाहुणे अपराधी वाटून गप्प होते, त्यामुळे बोलण्याचं सगळं काम विहीणबाईंवर आलं. तेराव्या होलवर, जिथे मैदानापेक्षा जुनी दगडी भिंत आडवी येते, मास्तरांचा चेंडू त्या भिंतीवरून आरामात पलीकडे गेला. त्या एका जागी त्यांच्या उंच फटक्यांचा उपयोग होता. विहीणबाईंचे सरळ फटके तीनदा भिंतीवर आपटून परत आले. त्या भिंतीला काय काय बोलल्या ते मास्तरांनी लक्ष देऊन ऐकलं.

तार काढायच्या दिवसापर्यंत त्यांना भरपूर वेळ मिळाला. इतक्या वेळात त्यांनी काय म्हणायचं ते ठरवलं, खोडलं, परत ठरवलं. तार निघाली. विहीणबाईंनी दात हलवून पाहिला, घट्ट होता. रंग थोडा काळपट पडेल, त्या म्हणाल्या, आतली नस काढावी लागेल, पण राहील.

मास्तर खुर्चीत उठून बसले. "पोरगी गप्प बसते ते माझ्याकडून आलंय," ते म्हणाले. "मला तो गुण वाटायचा. तुमच्या मुलाला त्याचा त्रास झाला असेल. मी तेव्हा ते म्हणायला हवं होतं. ते सुचलं नाही, दुसरं सुचलं."

एवढं लांब ते सेवानिवृत्तीच्या समारंभातही बोलले नव्हते. विहीणबाईंनी हातमोजे काढले आणि पुन्हा हात धुवायला गेल्या, जरा जास्तच वेळ.

"मी आता मंगळवारी येत जाईन," त्या तिकडूनच म्हणाल्या. "गुरुवारची माणसं फार बोलतात."

त्या वर्षीच्या जोडीच्या स्पर्धेत दोघांनी मिळून नाव दिलं. पोस्टात काम करणाऱ्या दोन बहिणी जिंकल्या. मास्तर आणि विहीणबाई शेवटून दुसरे आले. शेवटची जोडी अर्ध्यात घरी गेली होती. मुलगी, माजी जावई आणि नात बघायला आले होते, मास्तरांची बायकोही आली होती, आणि ती सबंध वेळ बाकावर बसून खिडकीवाल्या बाईंशी बोलत होती. निघताना मुलगी आणि माजी जावई, नात आज कुणाकडे जेवणार यावर अगदी समजुतीनं वाद घालत गाडीशी उभे राहिले.

मास्तरांनी विहीणबाईंची पिशवी उचलली.

"पट्ट्याला धरून उचलू नका, व्याही," विहीणबाई म्हणाल्या. "तो फाटलाय."

मास्तरांनी तोपर्यंत उचललीच होती. पट्टा तुटला, पिशवी कलंडली आणि साठवलेले सगळे चेंडू गाड्यांखाली घरंगळत गेले. मुलं बोलत राहिली. व्याही आणि विहीणबाई दोन बाजूंनी वाकले, आणि एकेका गाडीखाली हात घालून चेंडू गोळा करू लागले.

"तिकडे एक," विहीणबाई म्हणाल्या. "चाकामागे. नाही, डाव्या."